शनिवारचा आकडा

शनिवारी कारखान्यात माल देऊन आलो की
सत्तेम्माच्या ओट्यावर बसतो आम्ही चौघी.
सुपं मांडीवर, पानं ओल्या फडक्यात,
हात सुरू झाले की एकेकीनं
आपला आकडा सांगायचा.

नियम एकच. कशासाठी काढलं होतंस, हे विचारायचं नाही.
ते विचारणारे गावात पुष्कळ आहेत:
फायनान्सचा पोरगा, नणंद,
दवाखान्याच्या पायरीवर नेमका भेटलेला दीर.
इथं फक्त किती होतं, किती राहिलं.

सत्तेम्मा म्हणते, अप्पू.
तेलुगूत कर्जाला अप्पूच म्हणतात.
मला आधी वाटलं, नातवाचं सांगतेय:
अप्पू पंचेचाळीस हजाराचा झालाय,
रात्री झोपू देत नाही.
महानंदा कानडीत साल म्हणते.
तिची तीन सालं, तीन ठिकाणची,
आणि फिटायला आमच्या भाषेतली किती सालं
ते कुणी मोजत नाही.
शमशाद म्हणते कर्जा, शेवटचा आ लांबवून,
गल्लीच्या टोकाला कुणाला हाक मारावी तसं.
मी म्हणते देणं.
सुरुवातीला ऐंशी हजार तीनशे.
कशाचं, ते सांगत नाही. नियम.

टाळ्या वाजवायला हात मोकळे नसतात.
म्हणून जिचा आकडा उतरला
तिच्या सुपात बाकीच्या तिघी एकेक विडी टाकतात.
तीन विड्या.
त्यांचा रुपयासुद्धा होत नाही.
पण मी दोनशे उतरवून आले होते त्या दिवशी
घरी जाताना त्या तीन वेगळ्या ओळखू येत होत्या,
सत्तेम्माची घट्ट, महानंदाची जरा आखूड,
आणि मी दोनदा फडकं उघडून बघितलं.

वैशाखात महानंदा आली नाही.
पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.
आकडा चढला असणार, तिघींनाही कळलं,
तिघी पानं कापत राहिलो.
मग सत्तेम्मा उठली, सूप काखेत मारलं,
म्हणाली, "चला गं, तिकडंच बसू."

सी ग्रुपातलं तिचं घर. पत्रा तापून कडकड वाजत होता.
दारासमोर सावली एका माणसापुरती,
तिच्यात शमशादला बसवलं, तिला बीपी आहे.
कडी वाजवली नाही. बसलो, वळायला लागलो.
शंभर झाल्या असतील.
दार निम्मं उघडलं.
"बारा हजारानं वाढलंय," महानंदा आतूनच म्हणाली.
कुणीच काही विचारलं नाही.
सत्तेम्मानं एक विडी उंबऱ्याच्या आत ठेवली.
शमशादनं एक. मी एक.
"उतरलं कुठंय? वाढलंय म्हटलं ना."
"सांगितलीस की," सत्तेम्मा म्हणाली,
"हे पण देणंच."
महानंदा बराच वेळ त्या विड्यांकडं बघत राहिली.
मग आत जाऊन कात्री घेऊन आली
आणि आधी आमच्यावरच चिडली,
एवढ्या उन्हात कोण येतं का म्हणून.

शमशादचं गड्ड्याच्या आठवड्यात फिटलं.
शून्य, म्हणाली ती,
चोरी सापडल्यासारखं तोंड करून.
आता येऊ की नको, असं विचारलंनही.
महानंदा म्हणाली, "चहा कोण करेल मग?"
म्हणून अजून येते.
तिची पाळी आली की आम्ही थांबतो,
ती घरात भाजी कोणती केली ते सांगते.

आज माझं एकसष्ट हजार आठशे.
चारशे उतरले.
तीन विड्या पडल्या सुपात,
त्यातली शमशादची सैल.
फिटल्यापासून तिचा हात ढिला पडलाय.
सोमवारी छाटवाला तीच नेमकी बाजूला काढेल.
काढू दे.